सहा सेकंदांची भेट : वाशिमच्या वेब-अहवालांची प्रस्तावना

सोयाबीनची आवक ऐन भरात असते, त्या दिवसांत कारंजा तालुक्यातला शेतकरी सकाळी मोबाइलवर बाजारभावाचे पान उघडतो, कालचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर पाहतो आणि पान बंद करतो. माल आज यार्डात न्यायचा की चार दिवस थांबायचे, हे ठरवायला त्याला पाच-सहा सेकंद पुरतात. पान नीट बांधलेले असेल तर तेवढेच पुरायला हवेत. गूगल अॅनालिटिक्सच्या हिशेबात मात्र ही भेट फुकट गेलेली असते. त्या प्रणालीत भेट ‘एंगेज्ड’ ठरायची तर ती दहा सेकंदांहून जास्त टिकावी लागते, किंवा तिच्यात निदान दोन पाने पाहिली जावी लागतात, किंवा संकेतस्थळाच्या मालकाने आधी नेमून दिलेली एखादी महत्त्वाची कृती घडावी लागते. यातले काहीच झाले नाही तर ती भेट ‘बाउन्स’च्या खात्यावर जमा. उलट, अनुदानाचा अर्ज शोधत जो माणूस चार मिनिटे या पानावरून त्या पानावर हिंडला आणि शेवटी वैतागून बाहेर पडला, तो याच हिशेबात संकेतस्थळाचा उत्तम वाचक. मोजणी दोन्ही ठिकाणी बिनचूक आहे, आणि दोन्ही ठिकाणी तिचा अर्थ उलटा लागतो.

ही उलटापालट यंत्राच्या चुकीने होत नाही, ती व्याख्येतून येते. आणि व्याख्या कुणाच्या तरी गरजेतून आलेली असते. गूगलने २००५ साली अर्चिन नावाची कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिच्या सॉफ्टवेअरवरून घडवलेले अॅनालिटिक्स लोकांसाठी खुले केले. गूगलचा मुख्य धंदा जाहिरातींचा. जाहिरातीवर खर्च करणाऱ्याला काय हवे असते? गिऱ्हाईक कुठून आले, किती वेळ रेंगाळले, काही घेऊन गेले की रिकाम्या हाताने परतले. तयार अहवालांतले जवळपास सगळे रकाने या प्रश्नांच्या पोटातून निघाले आहेत, आणि दुकानासाठी ते रास्तही आहेत. पण तहसील कार्यालय, बाजार समिती, जिल्हा परिषद यांच्याकडे येणारा माणूस रेंगाळायला येत नाही. त्याला लवकर परत पाठवणे हेच तिथले यश. वेब-विश्लेषणाच्या एपीआयमधून स्वतःचे अहवाल घडवण्याचा खटाटोप वाशिमसारख्या जिल्ह्याने का करावा, या प्रश्नाचे उत्तर मला इथेच सापडते. तयार अहवालाची व्याख्या जिथे आपल्याला लागू पडत नाही तिथे व्याख्या आपली करून घ्यावी लागते, आणि ती करून घेण्याची सगळ्यात सरळ वाट एपीआयमधून जाते. पुढच्या प्रकरणांत विनंती कशी लिहायची, उत्तर कसे वाचायचे, कुठे फसायला होते हे सविस्तर येईल. ही प्रस्तावना त्यामागची भूमिका मांडण्यापुरती आहे.

दुसऱ्याच्या मोजपट्टीने मोजले जाणे वाशिमला नवे नाही. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्हे कार्यक्रम सुरू केला, तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, तेव्हाचे उस्मानाबाद आणि वाशिम असे चार जिल्हे त्यात आले. आरोग्य व पोषण, शिक्षण, शेती व जलसंपदा, आर्थिक समावेशन व कौशल्य, पायाभूत सुविधा अशा पाच क्षेत्रांतले ४९ निर्देशक नीती आयोगाने ठरवले आणि दर महिन्याच्या सुधारणेवरून जिल्ह्यांची क्रमवारी लागू लागली. शंभरावर जिल्हे एका रांगेत लावायचे तर पट्टी एकच हवी, हे मान्यच आहे. तिथे प्रत्येकाने आपापली पट्टी आणली असती तर रांगच लागली नसती. परंतु रांग लावणे हा एक प्रश्न झाला. मानोरा तालुक्यातल्या माणसाला हवा तो अर्ज दोन टिचक्यांत मिळतो का, हा अगदी वेगळा प्रश्न आहे आणि तो दिल्लीहून कुणी विचारणार नाही. सामाईक पट्टीचे स्थान नाकारायचे कारण नाही. तिच्याशेजारी आपली एक पट्टी असावी, एवढेच म्हणणे आहे.

एपीआय म्हणजे व्यवहारात काय, हे थोडक्यात. पडद्यावर बटणे दाबून अहवाल पाहण्याऐवजी आपण एक लेखी विनंती पाठवतो: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, या परिमाणांनुसार (पान, उपकरण, तास, भेटीचा स्रोत), ही मापे (भेटी, पाने, डाउनलोड), आणि हे सोडून बाकीचे वगळा. गूगलच्या डेटा एपीआयमध्ये एका विनंतीत नऊ परिमाणे, दहा मापे आणि चार कालखंड मागता येतात. उत्तरात मागितल्यावाचून १०,००० ओळी येतात, मागितल्यास एका वेळी अडीच लाखांपर्यंत. जिल्ह्याच्या कामाला ही मर्यादा आयुष्यात टोचणार नाही. मात्र ओळींच्या संख्येपेक्षा विनंती लेखी असणे मला अधिक मोलाचे वाटते. पडद्यावर कुणी कोणती चाळणी लावून आकडा काढला, हे महिन्याभराने त्याचे त्यालाही सांगता येत नाही. लिहिलेली विनंती फाइलवरच्या टिप्पणीसारखी असते: बदली होऊन आलेला माणूस ती वाचू शकतो, तिच्यावर शेरा मारू शकतो, आणि पटली नाही तर कारण देऊन बदलू शकतो. ‘भावाच्या पानावर एकच पान पाहून परतलेली भेट यशस्वी धरली आहे’ हे वाक्य एकदा विनंतीत उतरले की त्यावर वाद घालता येतो. तयार पडद्यावरच्या टक्केवारीशी वाद घालायची सोयच नसते.

आता वाशिमचाच आकडा मागून पाहू, म्हणजे तयार अहवाल कुठे कुठे निसटतो ते कळेल. पहिली फसगत गावाच्या नावाची. अॅनालिटिक्स ‘शहर’ हे परिमाण देते आणि ते आयपी पत्त्यावरून अंदाजाने ठरवते. घरगुती किंवा कार्यालयातल्या तारेच्या जोडणीवर हा अंदाज बऱ्यापैकी बसतो. मोबाइलवर तो कंपनीच्या प्रवेशद्वारापाशी घुटमळतो, आणि ते प्रवेशद्वार दूरच्या मोठ्या शहरात असते. त्यामुळे रिसोडच्या एसटी स्टँडवरून पान उघडणारा माणूस अहवालात मुंबईकर किंवा नागपूरकर म्हणून उतरू शकतो. त्यात नावांची गंमत वेगळीच. वाशिम जिल्ह्यात मालेगाव तालुका आहे, पण अहवालात ‘मालेगाव’ दिसले तर ते नाशिक जिल्ह्यातले असण्याचाच संभव जास्त. कारंजा लाड आपले, कारंजा घाडगे वर्धा जिल्ह्यातले. राज्याची चाळणी लावून उपयोग नाही, कारण दोन्ही जोड्या महाराष्ट्रातच आहेत. शहराच्या नावाऐवजी शहराचा सांकेतिक क्रमांक मागितला तर नावांचा घोळ सुटतो. आयपीचा सुटत नाही. मग तालुकानिहाय अहवाल करायचाच नाही का? करायचा, पण अंदाजाच्या जागी आपल्याला माहीत असलेली गोष्ट ठेवून. बाजार समितीच्या फलकावर लावलेल्या क्यूआर कोडला, तालुक्याच्या व्हॉट्सअॅप गटात पाठवलेल्या दुव्याला वेगवेगळी यूटीएम खूण (दुव्याच्या शेवटी लावलेले ओळखीचे शब्द) जोडली की भेट कोणत्या फलकावरून, कोणत्या गटातून आली ते कळते. ही खूण आणखी एका कारणासाठी लागते. व्हॉट्सअॅपमधून उघडलेला दुवा बहुधा आपला उगम सांगत नाही आणि अहवालात ‘डायरेक्ट’ म्हणून बसतो, जणू शेतकऱ्याने पत्ता पाठ करून टाइप केला.

दुसरी फसगत ‘वापरकर्ता’ या मापाची. प्रणाली माणूस मोजत नाही. ती ब्राउझरमधली खूण मोजते. आपले सरकार सेवा केंद्राच्या एका संगणकावरून दिवसभरात पन्नास जणांची कामे झाली तरी अहवालात वापरकर्ता एकच. घरातला एक फोन बाप, मुलगा आणि सून तिघे वापरत असतील तरी एकच. आणि एखाद्या शिक्षकाने शाळेतल्या संगणकावरून आणि स्वतःच्या फोनवरून तेच पान पाहिले तर वापरकर्ते दोन. महानगरात, जिथे माणशी एक-दोन उपकरणे असतात, तिथे ही चूक एका दिशेने आणि साधारण ठरलेल्या प्रमाणात होते. वाशिममध्ये ती दोन्ही दिशांनी होते, आणि सेवा केंद्रावर अवलंबून असलेल्या माणसांच्या बाबतीत सर्वाधिक. म्हणजे ज्यांच्यासाठी जिल्ह्याचे संकेतस्थळ मुळात असावे तेच मोजणीत सर्वांत कमी भरतात. त्यावर वापरकर्त्यांचा आकडा हा नेमकी गणना नसून सांख्यिकी अंदाज असतो, आणि तो बेरजेला चालत नाही: सोमवारचे तीनशे आणि मंगळवारचे तीनशे मिळून दोन दिवसांचे सहाशे होत नाहीत, कारण कालचाच माणूस आज पुन्हा आलेला असतो. तरीही मासिक बैठकीत रोजचे वापरकर्ते एकाखाली एक मांडून बेरीज मारलेले तक्ते येऊ शकतात, आणि तक्ता छापील असला की त्याला कोण विचारतो! आपल्या अहवालात वापरकर्ता दुय्यम ठेवून काम मोजावे, हे माझे स्पष्ट मत आहे. अर्जाची पीडीएफ किती वेळा उतरवून घेतली गेली, शोधपेटीत काय टाइप केले गेले, कोणत्या पानावरून लोक परत मुखपृष्ठावर आले. पीडीएफ उतरवल्याची नोंद प्रणाली ‘वाढीव मोजणी’त आपोआप ठेवते. सेवा केंद्रातल्या पन्नास जणांचे पन्नास अर्ज उतरवून घेतले गेले, तर ते पन्नासच दिसतात.

तिसरी गोष्ट लहान वाटते आणि सगळा हंगाम बिघडवते: वेळेचा पट्टा. खाते उघडताना कुणी लक्ष दिले नाही आणि पट्टा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहिला, तर अहवालातला दिवस आपल्याकडे दुपारी साडेबारा किंवा दीड वाजता बदलतो. मग सकाळच्या हर्रासाआधी भाव पाहणारी सगळी गर्दी आदल्या तारखेवर जाते, आणि आवकेच्या तक्त्याशी जुळणी करू गेले की प्रत्येक दिवस एकाने सरकलेला.

शून्याचा प्रश्न तर याहून खोल आहे. एपीआय सर्व मापे शून्य असलेल्या ओळी उत्तरातून गाळते. त्या ठेवा असे सांगता येते, पण तरीही ज्याची कधी नोंदच झाली नाही ते उत्तरात येऊ शकत नाही. दुकानदाराला न विकलेल्या मालाची यादी गोदामातून मिळते. संकेतस्थळाच्या मालकाला कुणीच न उघडलेल्या पानांची यादी अहवालातून मिळत नाही. जिल्ह्याच्या दृष्टीने तीच यादी सर्वांत महत्त्वाची. सूचना प्रसिद्ध केली, कायद्याने केली, आणि ती एकानेही वाचली नाही, ही बातमी तयार अहवाल कधीच देणार नाही. ती मिळवायची तर संकेतस्थळावरच्या सर्व पानांची यादी आपण आपल्याकडून आणायची, एपीआयचे उत्तर तिच्याशेजारी ठेवायचे आणि जे उरले ते वाचायचे. बटणे दाबून हे होत नाही. स्वतःच्या अहवालाची गरज पटवून द्यायला मला एकच उदाहरण निवडायला सांगितले तर मी हे निवडीन.

शोधपेटीतल्या शब्दांचेही असेच आहे. सोयाबीन हा एकच शब्द देवनागरीत दोन तऱ्हांनी आणि रोमन लिपीत चार-पाच तऱ्हांनी लिहिला जातो, आणि अहवालात त्यांच्या तेवढ्या वेगळ्या ओळी होतात. प्रत्येक ओळ छोटी, म्हणून कुणाच्या नजरेत भरत नाही. एकत्र केल्या तर वर्षातला पहिला शब्द तो निघू शकतो. नियमांची एक छोटी यादी जवळ ठेवून या ओळी जोडणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि त्याचा लाभ कायमचा.

आक्षेप बरेच आहेत आणि त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला असा की, अॅनालिटिक्सच्या पडद्यावरही हवा तसा अहवाल मांडण्याची सोय आहे, मग प्रोग्रॅमिंगची कटकट कशाला? सोय आहे, आणि प्रश्न चाचपून पाहण्यासाठी ती उत्तम आहे. पण त्या मांडणीला मागचा कच्चा डेटा फुकटच्या खात्यात जास्तीत जास्त चौदा महिनेच मिळतो, आणि सेटिंग कुणी बदलली नाही तर दोनच. तीन खरिपांची तुलना तिथे होत नाही. शिवाय बाहेरची माहिती तिथे शेजारी ठेवता येत नाही. कृषी पणन मंडळ रोजची आवक आणि दर बाजारनिहाय प्रसिद्ध करते, केंद्राच्या खुल्या डेटा मंचावरही बाजारभाव एपीआयमधून मिळतात. भावाच्या पानाच्या भेटी आणि कारंज्याची आवक एका तक्त्यात आली तरच माल निघायच्या आधी लोक भाव पाहतात की नंतर, हे विचारता येईल. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ साठी तो ५,३२८ झाला. बाजारातला दर हमीभावाच्या खाली उतरला की खरेदी केंद्राच्या नोंदणीचे पान किती दिवसांनी उघडले जाऊ लागते, हाही त्याच तक्त्यातला प्रश्न. आणखी एक पुरावा तारखांचा आहे. जुन्या युनिव्हर्सल अॅनालिटिक्सने १ जुलै २०२३ पासून नवी नोंद घेणे थांबवले आणि १ जुलै २०२४ पासून जुने अहवाल पाहण्याची वाटही बंद झाली. ज्यांनी एपीआयमधून आकडे उतरवून आपल्याकडे ठेवले होते त्यांची वर्षे वाचली. पडद्यावर विसंबलेल्यांची गेली.

दुसरा आक्षेप लहान आकड्यांचा. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख, त्यातली बहुतांश खेड्यांत. अशा ठिकाणी एखाद्या पानाला दिवसाला सात भेटी येणार, त्यावरून काय निष्कर्ष काढणार? आक्षेप निम्मा खरा आहे. सातचे नऊ झाले म्हणून एकोणतीस टक्के वाढ असे लिहिणारा अहवाल थट्टेचा विषय आहे. उपाय म्हणजे खिडकी रुंद करणे: दिवसाऐवजी आठवडा, पानाऐवजी पानांचा गट, आणि टक्क्यांऐवजी मूळ संख्या. गट पाडण्याला दुसरेही कारण आहे. रामनवमीला पोहरादेवीला बंजारा समाजाचे भाविक तेलंगण, कर्नाटकापासून येतात. चैत्रात जिल्ह्याच्या संकेतस्थळाचा एकूण आकडा फुगला, तर तो पर्यटन आणि यात्रेच्या पानांमुळे असेल. त्यावरून महसूल विभागाची पाने लोकप्रिय झाली असे समजणे म्हणजे यात्रेतली गर्दी पाहून ग्रामसभेची उपस्थिती लिहिणे. लहान संख्यांवर प्रणाली स्वतःही पडदा टाकते. काही प्रकारच्या अहवालांत एखाद्या ओळीतून माणूस ओळखला जाण्याची शक्यता असली की ती ओळ रोखली जाते, आणि तसे झाल्याचा इशारा एपीआयच्या उत्तरासोबत येतो. तो इशारा वाचायची सवय लावून घ्यावी, हे तिसऱ्या आक्षेपाच्या, म्हणजे खासगीपणाच्या, उत्तरातही बसते. ज्या वस्तीत ठरावीक महागडा फोन एकाकडेच आहे तिथे उपकरण, तास आणि पान या तीन परिमाणांनी एक माणूस उघडा पडू शकतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायद्याची वाट न पाहता अशी परिमाणे एका विनंतीत एकत्र आणायचीच नाहीत, हा नियम आपण घालून घ्यावा. स्वतःचा अहवाल घडवण्यात काय न मागायचे हे ठरवणेही आले.

हे काम करणार कोण, हा आक्षेप बहुतेक वेळा शेवटी आणि खासगीत घेतला जातो. विनंती वीस-पंचवीस ओळींची असते, पायथन येणारी मुले आता तालुक्याच्या ठिकाणीही आहेत, आणि तसे पाहिले तर अडचण तिथे नाहीच. अडचण आहे ती कार्यालयाने प्रश्न ठरवण्याची. भावाच्या पानाचे यश कशाला म्हणायचे, हे प्रोग्रॅमरने ठरवायचे नसते. ते बाजार समितीच्या सचिवाने आणि अडत दुकानात बसलेल्या शेतकऱ्याने ठरवायचे असते. जिल्ह्यांची संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एकाच साच्यावर उभी आहेत, वाशिमचेही त्यातच आहे. साचा एक असल्याने एका जिल्ह्याने नीट लिहिलेली विनंती शेजारच्या हिंगोलीला किंवा बुलढाण्याला थोड्या फरकाने चालावी. आणि परदेशी कंपनीच्या हाती मोजणी नको असे कुणाला वाटत असेल, तर ते वाटणे चुकीचे नाही. माटोमो, जे २००७ पासून आधी पीविक या नावाने चालत आले, ते मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येते आणि त्याचाही अहवाल-एपीआय आहे. नावे बदलतील, परिमाणांची आकडेमोड बदलेल. इथला युक्तिवाद तसाच्या तसा लागू पडतो.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. जे संकेतस्थळावर येतच नाहीत ते कोणत्याही अहवालात नसतात. भाव अडत्याला फोन करून विचारणारा, अर्ज ओळखीच्या माणसाकडून भरून घेणारा, ज्याच्या घरात फोन आहे पण तो हाताशी नसतो अशी बाई, यांच्यापर्यंत एपीआय पोहोचत नाही, कितीही परिमाणे मागा. म्हणून या पुस्तिकेत अहवालाच्या प्रत्येक नमुन्याखाली हा अहवाल कुणाविषयी बोलत नाही याची एक ओळ ठेवली आहे. ती ओळ काढून टाकून तक्ता वरच्या कार्यालयात पाठवण्याचा मोह होईल, कारण तिच्याविना तक्ता जास्त देखणा दिसतो.

सुरुवात कुठून करायची, याचा क्रम पुढच्या प्रकरणांत मुद्दाम असा लावला आहे की आधी वेळेचा पट्टा तपासला जाईल, मग पानांची यादी बनेल, आणि पहिली विनंती भावाच्या पानाचीच असेल: आवक जास्त असलेल्या दिवसांत ते पान कोणत्या तासाला उघडले जाते. फोनवर पान लवकर उघडावे म्हणून चित्रे कमी करायची का, कालचे दर रात्रीच चढवून ठेवायचे का, अशा दोन-तीन साध्या निर्णयांना त्याचे उत्तर लगेच लागू पडते. हे सगळे पोळ्याच्या सुमारास उरकलेले बरे. आपण नव्याने नेमलेल्या खुणा आणि परिमाणे प्रणाली मागच्या तारखेपासून भरून देत नाही. दसऱ्यानंतर यार्डात गाड्यांची रांग लागल्यावर मोजणी लावली, तर त्या हंगामाच्या सुरुवातीचे आकडे कुठल्याच विनंतीत येणार नाहीत.